कोपरापर्यंत हात

काटा एकशे ऐंशीवर थरथरला आणि तिथंच थांबला. बाईंनी त्याला टिचकी मारली, झोळीतला मासा काढून पुन्हा ठेवला. एकशे ऐंशी ग्रॅमच.

"किती?" आबांनी विचारलं. जाळ्याची दोरी त्यांच्या मुठीत होती आणि काटा त्यांच्या नाकासमोर लटकत होता.

"एकशे ऐंशी," सून म्हणाली.

"दुसरा घ्या बाई. पहिला कधीकधी रडका निघतो."

दुसरा एकशे पंच्याण्णव भरला. तिसरा एकशे सत्तर. चौथ्याला बाईंनी हातात धरून नीट पाहिलं. डोकं पुरं वाढलेलं आणि मागे चिंधीसारखं लोंबणारं अंग. सात महिन्यांचा मासा नव्हता तो, सात महिन्यांचा उपास होता.

नियम साधा होता. तळं मत्स्य विभागाचं; सांभाळणाऱ्यानं ते चांगलं सांभाळायचं. सातव्या महिन्यात विस्तार अधिकाऱ्यानं येऊन दहा मासे तोलायचे. सरासरी चारशे ग्रॅमच्या खाली गेली, की तळं परत घ्यायचं आणि यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायचं. विस्तार अधिकारी म्हणजे याच बाई. लोकांना मासे वाढवायला शिकवणं हे त्यांचं काम. तळं काढून घेण्याचं काम विभागानं नंतर हळूच त्यांच्या गळ्यात मारलं होतं.

आणि हे तळं साधं नव्हतं. गेली तीन वर्षं इथले मासे सगळ्यांत वजनदार निघाले होते. विभागाच्या माहितीपत्रकावर जो हात छापलेला होता, कोपरापर्यंत पाण्यात बुडवलेला, तो आबांचा होता. बाईंनी स्वतः तो फोटो काढला होता. त्यांच्या बावीस वर्षांच्या नोकरीत मनापासून अभिमान वाटावा असं जे थोडंफार होतं, त्यात हे तळं पहिलं.

दहावा मासा पाण्यात सोडून बाईंनी हात पुसले.

"खाद्य कुठं गेलं, आबा?"

"शेडमध्ये आहे की."

"मी माशांच्या पोटातलं विचारतेय."

आबा हसले. बाई हसल्या नाहीत. सून जाळं गोळा करायच्या निमित्तानं पाठमोरी झाली.

शेडचं कुलूप आबांनी गळ्यातल्या किल्लीनं उघडलं, बोटांनी भोक चाचपत. आत पोती एकावर एक रचलेली. एकाचीही शिवण उसवलेली नव्हती. कोपऱ्यात शेणखताचा ढीग वाळून खडखडीत झाला होता. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. खाद्य विकलं असतं तर निदान कारण तरी समजलं असतं. इथं भरल्या कोठाराशेजारी मासे उपाशी मारले होते.

"पाण्यात काहीच टाकलं नाही तुम्ही. अहो, पाण्याला रंग नाही! पिण्याच्या पाण्यासारखं झालंय तळं. इतके महिने काय झोपला होतात?"

"झोपलो?" आबांचा चेहरा उतरला. "डोळ्यांत तेल घालून तळं राखलं, बाई. रोज सकाळी हात घालतो. एक दिवस चुकवला नाही. पाणी हिरवंगार झालंय. आधी हात कोपराशी दिसेनासा व्हायचा, मग मधेच, आता मनगटाशी जातो. तुम्हीच सांगितलेलं, हात लवकर गेला की खाद्य बंद, खत बंद, कालव्याचं ताजं पाणी आत घ्यायचं. तेच करतोय. पण ते हिरवं काही हटत नाही."

हे बाईंनी शिकवलेलं होतं, शब्द न् शब्द. पाणी मोजायचं यंत्र ऑफिसच्या कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली बदली झालेल्या कारकुनाबरोबर गेली होती. म्हणून त्यांनी ही युक्ती काढली. बाही वर करा, हात पाण्यात घाला. कोपर बुडेस्तोवर तळवा दिसत राहिला तर पाणी उपाशी, खत टाका. आधीच नाहीसा झाला तर पाणी जड झालंय, पहाटे मासे गुदमरतील, सगळं थांबवा. यंत्र नको, वीज नको, साहेब नको. त्या दिवशी फळ्यासमोर उभं राहून त्या मोठ्या ऐटीत म्हणाल्या होत्या, "खाद्यवाल्याचं ऐकू नका, शेजाऱ्याचं ऐकू नका, घरातल्यांचं ऐकू नका. फक्त स्वतःच्या हाताचं ऐका." समोरचे टाळ्या वाजवून हसले होते. सून तेव्हा मागे दाराशी उभी होती. एका तळ्यामागे एकाचंच नाव नोंदवायचं होतं, म्हणून तिला खुर्ची नव्हती.

"चला, दाखवा," बाई म्हणाल्या.

आबा बांधावरून झपझप पुढे गेले. पायांना प्रत्येक दगड पाठ होता. पायरीवर बसून त्यांनी बाही दुमडली.

"यंदा सकाळचं धुकं फार, बाई. उन्हं आली तरी हटत नाही."

बाईंनी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. पलीकडच्या काठावरच्या गवताचं पातंन् पातं मोजता आलं असतं.

आबांनी हात पाण्यात घातला. बोटं, तळवा, मनगट.

"हा बघा. गेला."

बाई वाकल्या. हात पाण्यात लख्ख दिसत होता. पाचही बोटं, अंगठ्याचं फुटकं नख, दोरीनं पडलेले घट्टे. त्याच्याही खाली तळाचा चिखल दिसत होता आणि चिखलावर एक रिकामा शिंपला.

"दिसतोय का तुम्हाला?" आबांनी विचारलं. तोंड बाईंकडे होतं, पण नजर त्यांच्या खांद्यावरून कुठंतरी पुढे गेलेली.

काटा नाकासमोर असूनही "किती?" विचारणं, कुलूप चाचपणं, धुकं. सगळं त्यांच्यासमोरच घडलं होतं आणि त्या मात्र पोती मोजत बसल्या होत्या. मागे वळून त्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं मान इतकी थोडी हलवली की ते नाही होतं की विनवणी, ते कळेना.

"थांबा आबा, कागद घेऊन येते," बाई म्हणाल्या आणि शेडकडे चालू लागल्या. सून मागोमाग आली.

"कधीपासून?" बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"पावसाळ्याआधीपासून. डॉक्टरांना दाखवलं, मॅडम. मोतीबिंदू असता तर काढला असता म्हणाले. ही आतली शीर सुकलीय. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस राहील ते सांगता येत नाही. आबांना वाटतं, डोळ्यांत घालतो ते थेंब धुळीसाठी आहेत."

"अगं, मग तू तरी खाद्य घालायचंस! तुला दिसत होतं ना पाणी?"

"दिसत होतं. पहिल्यांदा सांगितलं मी. म्हणाले, बाईंनी घरातल्यांचं ऐकू नका म्हणून सांगितलंय." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे बाईंना ते जास्त लागलं. "मग एकदा घरातला भात टाकला चोरून. मासे वर येऊन उसळले, तो आवाज आबांनी घरातून ओळखला. दोन दिवस जेवले नाहीत. बाईंचा शब्द मोडलास म्हणाले."

"मला का नाही कळवलंस?"

"फोन केला होता ऑफिसात. तुम्ही दौऱ्यावर होता."

बाई दौऱ्यावरच असायच्या. आधी बारा तळी होती, आता ब्याण्णव झाली होती आणि जीप काढून घेतली होती. इथं त्या वर्षभरानं आल्या होत्या. चांगलं चाललेल्या तळ्यावर कशाला जायचं, असं त्यांनीच ठरवलं होतं. आठवून आठवून त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"आता काय सांगतेस त्यांना?"

"रोज सकाळी हाक मारतात. माझा हात घालायला लावतात शेजारी. विचारतात, गेला का?" सून पोत्याची शिवण बोटानं कुरवाळत राहिली. "मी म्हणते, गेला. मुलगा यांचा लांब कामाला, येतो वर्षाकाठी. या माणसाकडे तळ्याशिवाय आहे काय, मॅडम? नजर आणि तळं, दोन्ही एका दिवसात कसं काढून घेऊ?"

बाईंनी पिशवीतून कागद काढला.

त्या परतल्या तेव्हा आबा तसेच पायरीवर होते, हात अजून पाण्यात.

"बाई, तुमचा हात घाला ना एकदा. ही पोरगी मला बरं वाटावं म्हणून बोलते की काय, कळत नाही. तुम्ही खरं सांगाल."

बाई पायरीवर बसल्या. बाही वर केली. पाणी गार होतं. तळवा बुडाला, मनगट बुडालं, कोपर बुडालं. खाली दोन हात शेजारी शेजारी होते, आणि त्यांच्यामधून एक मासा, मोठ्या डोक्याचा, खायला काही आहे का बघत हळूच गेला.

"गेला?"

"गेला," बाई म्हणाल्या. "मनगटाशीच."

आबांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला.

"म्हणजे चूक पाण्याची."

"पाण्याची."

कागदावर दोन चौकोन होते. सूचनांचे पालन केले, सूचनांचे पालन केले नाही. बाईंनी पहिल्यात खूण केली. त्यानं तळं वाचणार नव्हतं. वजनाचा रकाना वरच होता. सही करायची जागा सुनेनं आबांना बोट धरून दाखवली. त्यांनी ठसठशीत सही केली, अर्धी रेघेवर आणि अर्धी बाहेर.

"कधी सोडायचं?"

"महिनाअखेरीला."

आबांनी मान डोलावली. बराच वेळ त्यांचं ओलं बोट सहीवरच राहिलं, शाई फिसकटली.

"वाईट वाटून घेऊ नका, बाई. तुम्ही शिकवलेलं मी तसूभर इकडचं तिकडे केलं नाही, एवढं तुम्ही लिहिलंत ना? बास झालं."

बाई पिशवी उचलून निघाल्या. बांधाच्या टोकाशी पोचल्या तेव्हा मागून हाक आली.

"बाई! नवा माणूस येईल ना, त्याला माझ्याकडे पाठवा. बाकी तुम्ही शिकवा. हाताचं तेवढं मीच दाखवतो. पत्रकावर माझाच हात आहे की."

सून पाण्याकडे बघत होती.

"पाठवते," बाई म्हणाल्या.