कुंडीतलं अर्थिंग

कपडे धुण्याच्या मशीनला हात लावला की मुंग्या येतात, असं ताई चार महिने सांगत होती आणि भावजी चार महिने तिला भास होतात म्हणत होते. शेवटी तिने धाकट्या भावाला बोलावलं. तो वायरमन. भावजींबद्दल त्याचं मत लग्नाच्या दिवसापासूनच वाईट होतं आणि त्यांनीही ते कधी बदलायची संधी दिली नव्हती.

भावजींनी त्याला चहाही न विचारता बोर्डासमोर नेलं. "शॉक लागू नये म्हणून हा स्विच. दर महिन्याला तपासतो मी." त्यांनी त्यावरचं टेस्टचं बटण दाबलं. खटकन घरातली वीज गेली. चेहरा असा, जणू विजेचा शोध यांनीच लावला.

वायरमनला कीव आली. ते बटण स्विचच्या पोटातच विजेची खोटी गळती करून दाखवतं. बाहेर अर्थिंग शाबूत आहे की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. या घराचं अर्थिंग म्हणजे परसात जमिनीत ठोकलेली सळई. त्यानेच ठोकली होती. तो तडक मागे गेला. परसात नवी चकचकीत फरशी होती.

"सळई कुठाय, भावजी?"

"फरशीच्या आड येत होती, काढून टाकली. पण वायर मातीतच आहे हं!"

हिरवी वायर भिंतीवरून उतरून प्लास्टिकच्या कुंडीत, गुलाबाच्या मुळाशी खोचलेली होती.

एवढा शिकलेला माणूस आणि अक्कल कुंडीत मावेल एवढी! मशीनमधून गळणाऱ्या विजेला जमिनीत जायला वाटच उरली नव्हती. उरली होती ती ओल्या मोरीत अनवाणी उभी राहणारी ताई. आज मुंग्यांवर भागलं. उद्या गळती वाढली की तो स्विच तिला झटका बसल्यावरच पडणार, आणि पडला तर पडला. वायरमनचं डोकं फिरलं.

मोरीत जाऊन त्याने गुपचूप मशीनचा प्लग काढला. ताईने ते पाहिलं.

"भावजी, भासच आहे ना? मग लावा हात."

"लावतो की!" भावजी तावातावाने पुढे आले, ओल्या जमिनीशी थबकले, आणि परत जाऊन रबरी चपला घालून आले.

ताई त्यांच्या पायांकडे बघत राहिली.

"म्हणजे चपलांचं तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.