शिसवी खुर्च्यांचं घराणं

शेखर पौनीकरने खुर्चीत अंग सैल सोडलं आणि खुर्ची डावीकडे कलली.

"फर्श टेढ़ी है साहब," बिसाहू भैया म्हणाला.

देवयानीने नवऱ्याला उठवलं, खुर्ची भिंतीपासून दूर ओढली आणि पुन्हा बसायला लावलं. खुर्ची पुन्हा डावीकडेच कलली.

"इधर भी टेढ़ी है," बिसाहू भैया शांतपणे म्हणाला.

पुरानी बस्तीतल्या देवळामागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, लांबलचक अंधारी पडवी. आत खुर्च्या एकीवर एक उलट्या रचलेल्या, सगळ्यांचे पाय वर. बिसाहूच्या म्हणण्याप्रमाणे त्यातली प्रत्येक खुर्ची कोणत्या ना कोणत्या राजवाड्यातून आली होती. छत्तीसगडात एवढे राजे होऊन गेले असतील यावर शेखरचा विश्वास नव्हता. पण ते तोंडावर बोलण्याची ही वेळ नव्हती, कारण रविवारी राजूरकर साहेब चहाला येणार होते.

देवयानीने घरसजावटीच्या मासिकातला लेख वाचून ठेवला होता. जुनी खुर्ची घेताना आधी ती उलटी करून सांधे बघावेत, मग किड्याची भोकं, मग वेताच्या विणीवर तळवा दाबून पाहावा, आणि सगळ्यात शेवटी बसावं. तेही टेकल्यासारखं नाही, चांगलं ऐसपैस. ती त्याबरहुकूम चालली होती. एका खुर्चीच्या पायातून तिने चिमूटभर भुसा काढून दाखवला, तेव्हा बिसाहू भैया म्हणाला, "पुरानी चीज़ है दीदी, थोड़ा तो झड़ेगी."

शेखरचे वडील रामकृष्ण दाराशी उभे होते. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून ते निवृत्त झाले होते, आणि आयुष्यभर बसायला मिळालं ते लोखंडी स्टुलावर.

"मी म्हणतो, पंडरी बाजारातून आणलेल्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालं नाही," ते म्हणाले. "आन् तुम्ही हे कोणा मेलेल्या माणसाचं सामान काहून घरात आणून राहिले?"

"बाबा, याला अँटिक म्हणतात," शेखर म्हणाला.

"म्हणत असतीन."

तरी उभं राहून पाय दुखले, तसे ते जवळच्या एका आरामखुर्चीत बसले. लांब हातांची, त्यावर पाय पसरून ठेवायची खुर्ची होती ती. रामकृष्णांनी नीट विचार न करता दोन्ही पाय वर ठेवले. मग उतरायची वेळ आली, तेव्हा पाय खाली येईनात आणि कंबर वर येईना. शेवटी शेखरने एका बाजूने, बिसाहूने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना उचललं.

"इसमें बड़े-बड़े साहब लोग बैठते थे," बिसाहू कौतुकाने म्हणाला.

"उतरत कसे होते ते इचार त्याले," रामकृष्ण पायजमा झटकत मुलाला म्हणाले.

शेवटी पसंत पडली ती एक जोडी. शिसवी लाकूड, पाठीवर वेलबुट्टी, वेत ताणलेला, हात रुंद. देवयानीने दोन्ही उलट्या करून पाहिल्या, दाबून पाहिल्या, मग ऐसपैस बसली आणि तिचा चेहरा निवळला. शेखर दुसरीत बसला. खुर्ची कोणत्याच बाजूला कलली नाही. पाठीला तो थंड, गुळगुळीत लाकडाचा आधार लागला आणि शेखरला उगीचच वाटलं की आपण थोडे उंच झालो आहोत.

छत्तीसगड वेगळं राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. शेखरच्या खात्यात भोपाळहून आलेले लोक होते, बिलासपूरचे होते, नागपूर-अमरावतीकडचे होते. नव्या राज्यात सगळेच नवे, त्यामुळे जो तो जुना दिसायच्या खटपटीत. एकाच्या पणजोबांनी तलाव बांधलेला निघाला, एकाच्या मावशीकडे तोफ निघाली. या सगळ्यांत वरचढ राजूरकर साहेब. त्यांचे आजोबा मालगुजार, अख्ख्या गावाचे जमीनदार. दारात हत्ती झुलत असे. नव्या राजधानीच्या आखणीचं जे काम निघणार होतं, त्यावर खात्यातून कोणाला घ्यायचं हे साहेबांच्या हातात होतं. शेखरला ते काम हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं घराणं नव्हतं. आजोबा ऐन तरुणपणी गेले, एवढंच घरात कधीतरी कानावर आलेलं. वडील त्यावर बोलत नसत आणि शेखरनेही कधी विचारलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी राजूरकर साहेब सपत्नीक शेखरच्या तेलीबांध्याच्या नव्या फ्लॅटमध्ये आले. सोफ्यावरचं प्लास्टिक निघालं होतं. शिसवी खुर्च्या खिडकीजवळ मांडल्या होत्या, तेल लावून पुसलेल्या. साहेब सरळ त्यांच्याकडेच गेले, एकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा, पौनीकर! ही चीज कुठून पैदा केली?"

आता शेखरला फक्त दुकानाचं नाव सांगायचं होतं. ते ओठांवर होतंही.

"पैदा कसली साहेब," तो म्हणाला. "घरातलीच. आजोबांची."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. साबुदाणा वड्यांची प्लेट घेऊन येणारी देवयानी दारातच थांबली आणि त्या खुर्च्यांकडे पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी पाहू लागली. सोफ्याच्या कोपऱ्यात रामकृष्ण इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात बसले होते. त्यांनी चहात बुडवलेलं बिस्किट वर यायचं राहिलं आणि अर्धं तुटून कपात पडलं.

साहेबांच्या पत्नी ममताबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. त्या रामकृष्णांकडे वळल्या.

"म्हणजे काका, तुमच्या वडिलांच्या! काय करायचे हो ते?"

रामकृष्णांनी मुलाकडे पाहिलं. शेखर छताच्या पंख्याकडे पाहत होता. आता सगळं संपलं हे त्याला कळलं होतं. फक्त कोणत्या शब्दांनी संपतं ते ऐकायचं बाकी होतं.

रामकृष्णांनी चमच्याने कपातलं बिस्किट सावकाश बाहेर काढलं, खाल्लं, ओठ पुसले.

"काय नव्हते करत, ते विचारा," ते म्हणाले.

शेखरने पंख्यावरून नजर खाली आणली.

"सकाळी या खुर्चीत बसले, की गाव समोर हजर. कोणाचं बांधाचं भांडण, कोणाचं बैलाचं. बाबा दोघांचंही ऐकून घ्यायचे. शब्द बोलायचे नाहीत. मग एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवला, की समजायचं, निकाल लागला."

"बोलायचे नाहीत?" राजूरकर साहेबांनी विचारलं. "मग निकाल कळायचा कसा?"

"ज्याच्याकडे पायाचं टोक, तो हरला."

साहेबांनी नकळत आपला एका गुडघ्यावर ठेवलेला पाय खाली घेतला. त्याचं टोक देवयानीकडे होतं.

"आमच्या आजोबांच्या दारात तर हत्ती होता," ते थोड्या वेळाने म्हणाले.

"चांगलं आहे," रामकृष्ण म्हणाले. "बाबांले पण लोक लई म्हणायचे, घ्या म्हणून. पण त्यांनी घेतला नाही. ते म्हणत, दारात हत्ती असला की येणारा हत्तीलेच पाहते. मालकाकडे कोणी पाहत नाही."

साहेबांनी हातातला वडा प्लेटमध्ये परत ठेवला. शेखरने घसा खाकरला, भुवया उडवल्या, पायाने टीपॉय हलवून पाहिला. रामकृष्ण त्याच्याकडे पाहतच नव्हते. ते त्या खुर्च्यांकडे पाहत होते.

"आणि ही दुसरी?" ममताबाईंनी विचारलं. "तुमच्या आईची का?"

"नाही," रामकृष्ण म्हणाले. "ती माझी."

ते पुढे बोलू लागले, तेव्हा आवाज खाली आला होता.

"गाव पांगलं, की संध्याकाळी मले तिच्यावर बसवायचे. पाय खाली पुरत नव्हते माझे. पाढे विचारायचे. मी नेमका सतराच्या पाढ्यात अडकायचो. रागवायचे नाहीत. म्हणायचे, थांब रे बाळ्या, घाई काय आहे? सावकाश सांग. मी इथंच बसलो आहे." त्यांनी तळवा हवेत उचलला आणि एखादं वजन जोखावं तसा धरून ठेवला. "मग पाठीवर हात ठेवायचे. हात जड होता. तंबाखूचा वास यायचा."

ममताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. हत्तीचा विषय पुन्हा निघाला नाही.

निघताना राजूरकर साहेब वाकले आणि त्यांनी रामकृष्णांच्या पायांना हात लावला. दारातून मागे वळून म्हणाले, "पौनीकर, उद्या दुपारून केबिनमध्ये या. त्या राजधानीच्या कामाचं बोलू."

दार लागलं. देवयानी कप गोळा करू लागली. शेखर उभाच होता. हवं ते मिळाल्यावर माणूस जसा दिसतो, तसा तो दिसत नव्हता.

"बाबा, चुकलं माझं," तो म्हणाला. "तोंडातून निघून गेलं."

"निघते," रामकृष्ण म्हणाले.

"पण तुम्ही तरी एवढं काहून वाढवलं? ते पायाच्या टोकाचं वगैरे..."

"ते आमच्या पार्सलबाबूचं. तो असाच बसायचा. ज्याच्याकडे टोक, त्याची रजा नामंजूर."

देवयानीला हसू आवरेना. तिने कप खाली ठेवले. "आणि हत्तीचं?"

"हत्तीचं आत्ताच सुचलं."

तेही हसले. मग शेखरने विचारलं, "आणि पाढ्यांचं?"

रामकृष्ण सोफ्यावरून उठले. खिडकीजवळ गेले. बसतील असं वाटलं, पण खुर्चीच्या हाताला नुसतं धरून उभे राहिले.

"मले बाबाचा चेहराही आठवत नाही. मामानं वाढवलं मले," ते म्हणाले. "जेवायले दिलं, शिकवलं, कशाले नाव ठेवू? पण त्या घरात बाबाचं नाव निघालं की आई रडायची, म्हणून कोणी काढत नव्हतं. पुढं मीही नाही काढलं. अडुसष्ट वर्षांचा झालो, पण तुह्या बापानं काय केलं, असं मले आजपर्यंत कोणी इचारलं नव्हतं. त्या बाईनं इचारलं. आन् इचारून उठून नाही गेली, ऐकत बसली. मग मलेच थांबता नाही आलं."

शेखरने टीपॉयवरची वड्यांची प्लेट उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

रामकृष्ण खुर्च्यांच्या वरच्या भिंतीकडे पाहत होते.

"हे रिकामं दिसून राहिलं," ते म्हणाले.

"तिथे एक पेंटिंग लावायचं आहे, बाबा," देवयानी म्हणाली.

"असं का." त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला. "त्या बिसाहूकडे फोटो भेटतीन का गं? जुने. माणसायचे."

देवयानीने शेखरकडे पाहिलं. शेखर खाली मान घालून म्हणाला, "भेटतीन, बाबा. जाऊ आपण."

दोन दिवसांनी तिघं पुन्हा त्या गल्लीत गेले. फोटो म्हटल्यावर बिसाहू भैयाने आतून फ्रेमांची चळतच आणून ठेवली. अर्थात सगळे राजेच. पहिला पगडीवाला, हातात तलवार.

"बहुत बड़े आदमी थे," बिसाहू म्हणाला.

"दिसतेच," म्हणून रामकृष्णांनी तो बाजूला ठेवला.

दुसरा भरघोस मिशांचा, छातीवर साखळी. देवयानीने तो हातभर लांब धरून पाहिला. "बाबा, हे शोभतील. अगदी निकाल देणारे वाटतात."

"नको. याची मलेच भीती वाटून राहिली."

तिसऱ्याचं नाक जमलं नाही, चौथा फारच श्रीमंत निघाला. बिसाहू भैया कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. मग रामकृष्ण स्वतःच उकिडवे बसले आणि चळतीच्या तळातून एकेक फ्रेम ओढून पाहू लागले. शेखर पुढे झाला नाही. त्यांना निवडू द्यावं असं त्याला वाटलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी एक लहानशी फ्रेम बाहेर काढली. शर्टाच्या बाहीने काच पुसली, पुन्हा पुसली आणि उजेडाकडे धरली.

एक पोरगेलासा माणूस उभा होता. डोक्याला चपचपीत तेल, कोट स्टुडिओतला असावा, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. मागे रंगवलेला बगीचा. श्वास घेऊ नको असं कोणीतरी बजावून सांगितल्यासारखा तो समोर पाहत होता.

"हा," रामकृष्ण म्हणाले.

देवयानी त्यांच्या खांद्यावरून वाकली. "पण बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "साहेबांना आपण सांगितलंय की सगळं गाव यांच्यासमोर उभं राहायचं. हा तर..."

शेखर जवळ आला, वडिलांच्या शेजारी उकिडवा बसला आणि फोटोकडे पाहत राहिला.

"बाबा, हा तर माझ्याहून लहान दिसते."

"हव," रामकृष्ण म्हणाले. "तेवढाच होता."