दुसरा कैदी

मंजुळाने रिकामी पाटी दाराशी आदळली तशी आतली बोलणी थांबली. अंधेरीच्या बाजारातले बोंबील संपवून ती तडक इथे आली होती, हातपाय धुवायलाही थांबली नव्हती. पिठाच्या गिरणीवरची ही खोली म्हणजे अनुपमाताईंच्या समितीचं कार्यालय. कार्यालय कसलं, दोन खुर्च्या, एक टाइपरायटर आणि सगळ्यावर पिठाचा थर! अनुपमाताई वकील होत्या. पोलीस कोठडीत मेलेल्यांचे खटले त्या फुकट लढवत. खाली सतरंजीवर सुगंधा बसली होती. तिचा मुलगा नंदू आणि मंजुळाचा नवरा अनंता एकाच रात्री एकाच चौकीत होते. दोघांपैकी एकही घरी परतला नव्हता.

"बाजारात निरोप आला तो खरा काय?" मंजुळाने विचारलं. "एकाच माणसाचं नाव जाणार?"

"बसा आधी, मंजुळाबाई."

"बसायला नाय आले मी. कोणाचं नाव?"

अनुपमाताईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"नंदूचं."

मग त्यांनी पुन्हा सगळं समजावलं. युनोची एक समिती आपल्या सरकारला समोर बसवून विचारणार होती, की तुमच्या देशात माणसांना कसं वागवतात. सरकार आपला अहवाल देणार, आणि त्यात सगळं गोडगोड असणार, हे काय सांगायला हवं? म्हणून खरी हकिकत दुसऱ्या वाटेने पोचवायची. परदेशातली एक मोठी संस्था ती समितीतल्या लोकांच्या हाती देणार, आणि त्यांतल्या एखाद्याच्या मनाने घेतलं तर तो सरकारच्या माणसाला तोंडावर विचारणार. मुंबईतून एकच प्रकरण घेऊ, तेही पक्कं, असं त्या संस्थेने कळवलं होतं. नंदू इस्पितळात मेला होता, डॉक्टरने त्याच्या अंगावरचे वळ नोंदवले होते. अनंता सापडला तो खाडीत. त्याला आम्ही रात्रीच सोडलं, तो नशेत बुडाला, असं पोलीस सांगत होते.

"बुडाला! गुडघाभर पाण्यात कोळी बुडाला!" मंजुळा उसळली. "आमच्या कोळीवाड्यातलं शेंबडं पोर नाय बुडत त्या खाडीत."

"मला पटतं हो. पण सिद्ध कसं करू? एक प्रकरण कच्चं निघालं की ते त्याच्यावर बोट ठेवतील आणि दोन्ही खोटी म्हणून मोकळे होतील."

"म्हणजे माजा माणूस कमी मेला?"

खाली गिरणीचा पट्टा फटफटत राहिला. सुगंधाने मान वर केली नाही. कापड गिरण्यांच्या संपात घरची मिळकत गेली आणि पाठोपाठ एकुलता एक मुलगा गेला. तेव्हापासून ती अशीच मान खाली घालून बसायची.

अनुपमाताईंना आणखी काही बोलायचं होतं आणि ते बोलायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

"त्या रात्री तुम्ही चौकीबाहेर बसला होतात. काय ऐकलंत ते सांगाल? नंदूला बाहेरचा साक्षीदार कोणी नाही."

मंजुळाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"वा! जेवायला तिला बसवा आनि वाढायला मी उभी राहते!"

पाटी उचलून ती धाडधाड जिना उतरू लागली. अर्ध्या जिन्यात मागून हाक आली.

"मंजुळा, थांब गो."

सुगंधा भिंतीला धरून खाली येत होती.

"माझो झील ओरडत हुतो काय? माका कोणच सांगना नाय. तू तरी सांग."

मंजुळाला नाही म्हणता आलं असतं. दीड वर्ष ती सगळ्यांना तेच सांगत आली होती, की मी काही ऐकलं नाही, भिंती जाड होत्या. खरं काय ते माशाच्या काट्यासारखं तिच्या घशात अडकलं होतं. ती तिथेच पायरीवर बसली.

"ओरडत होता. आई, आई करत होता." मग जरा थांबून ती म्हणाली, "आनि मग माजा माणूस ओरडला. 'अरे, मरंल तो पोर, सोडा त्याला!' दोनदा बोलला. त्याच्यानंतर तुज्या पोराचा आवाज नाय आला. माज्याच माणसाला मारत होते ते."

सुगंधा आणखी एक पायरी खाली आली.

"दारू पिऊन भांडला, एवढाच त्याचा गुन्हा. सकाळी सोडणार होते. मी भाकरी घेऊन बसले होते त्याच्यासाठी. कोण कुठला पोर, ना नात्याचा ना गोत्याचा! गप पडून राहिला असता तर आज घरी असता मेला." तिचा आवाज फाटला. "लई राग येतो गं मला त्याचा. तुज्या पोराचा पण येतो."

सुगंधा तिच्या शेजारी बसली. तिने मंजुळाचा मासळीचा वास येणारा हात हातात घेतला, कपाळाला लावला आणि तसाच धरून ठेवला. मंजुळाने तो सोडवून घेतला नाही. मग ती उठली.

"चल वर. एकदाच सांगीन."

सांगून झालं तेव्हा अनुपमाताईंची बोटं टाइपरायटरवर थबकली होती.

"तुमच्या यजमानांचं नाव मात्र घालता येणार नाही. नाव आलं की हा तर बुडून मेला म्हणून ते सगळंच उडवून लावतील. 'दुसरा एक कैदी' असं लिहिते."

"मगे माझ्या झिलाचा पण नको," सुगंधा म्हणाली. "दोघांचा घाला, नायतर कोणाचाच नको."

"गप गं," मंजुळा तिच्यावर खेकसली. "एकाचं तरी विचारू दे. लिवा हो तुम्ही."

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी अनुपमाताई बाजारात आल्या. मंजुळा ओट्यावर सुरमई कापत होती. बर्फ वितळून पाणी ओघळत होतं आणि गिऱ्हाईक बेताचंच होतं.

"विचारलं त्यांनी," अनुपमाताई म्हणाल्या. "नंदूचं नाव घेऊन विचारलं. सरकारचा माणूस म्हणाला, माहिती मागवतो."

"सुगंधाला सांगितलंत?"

"तिच्याकडूनच येतेय."

तरी त्या जाईनात. मंजुळाने वर पाहिलं.

"आणखी एक विचारलं. समितीत एक म्हातारे गृहस्थ आहेत. ते म्हणाले, तो दुसरा कैदी कोण? त्याचं नाव काय? तो आता कुठे आहे?"

मंजुळाचा कोयता थांबला.

"मग?"

"सरकारचा माणूस म्हणाला, अशा माणसाची आमच्याकडे नोंद नाही."

"आनि आपला कोण नव्हता तिथे? त्या मोठ्या संस्थेचा?"

"होता. मागच्या बाकावर बसला होता. नाव ठाऊक होतं त्याला. पण तिथे आमच्या लोकांना बोलायची परवानगी नसते. बसायचं आणि ऐकायचं." अनुपमाताईंनी नजर वळवली. "आता सरकारला विचारायची पुढची पाळी पाच-एक वर्षांनी."

एका बाईने सुरमईचा भाव विचारला. मंजुळाने तिच्याकडे पाहिलंच नाही. कोयता बाजूला ठेवून तिने दोन्ही हात बर्फाच्या पाण्यात धुतले, लुगड्याला पुसले आणि पदर सारखा केला.

"अनंता," ती म्हणाली. लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव तिच्या तोंडातून कधी निघालं नव्हतं. शेजारच्या ओट्यावरच्या चंपाचा हात जागच्या जागी राहिला. "अनंता हरेश्वर तांडेल."

"मला माहीत आहे त्यांचं नाव, मंजुळाबाई."

"ठाऊक हाय मला," मंजुळा म्हणाली. "पन त्या म्हाताऱ्याने विचारलंय ना? मग कोणी सांगायला नको?"