उशीला झालेली नागीण

बंद पडलेल्या बँकेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जिथे पूर्वी कॅशियर बसायचा, तिथे आता सुईमहाराज उशीला टेकून बसत. समोर काचेच्या वाडग्यात फिकट पिवळं ‘सिद्धजल’. रुग्णाला सुई टोचायची, ओल्या कापसाने पुसायची आणि पाण्यात बुडवायची; बघता बघता पाणी काळंभोर. विष उतरलं! महाराज विनयाने सांगत की आपलं काहीच नाही, सगळं सुईचं. फी मात्र सुई घेत नसे, ती महाराजच घेत.

बाबा गेले आणि पाठोपाठ आईच्या बरगडीवर नागीण उठली. फोड सुकले, पण दुखणं मुक्कामाला राहिलं. पंख्याचा वारा लागला तरी आई कळवळायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तिचा जरा डोळा लागू लागला होता. सुयांबद्दल, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरबद्दल, तिच्या मुलीने विचारलं तेव्हा डॉक्टरांनी नाक मुरडलं नाही. गोळ्या चालू ठेवून जाणकाराकडून सुया घेतल्या तर काहींना जास्त आराम पडतो, म्हणाले. गोळ्या मात्र मनाने सोडायच्या नाहीत. मावशीने त्यातल्या सुया तेवढ्या ऐकल्या आणि आईला इथे आणलं.

महाराजांनी आल्याआल्या गोळ्या बंद करायला लावल्या. दुखणं दुपटीने उसळलं, तर म्हणे विष ढवळलं जातंय. आणि आज, काळ्या पाण्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “हे विष तुमचं नाही, माई. गेलेल्या माणसाचा राग आहे हा. शेवटी त्यांचं काहीतरी तुम्ही ऐकलं नाहीत.”

आईचा चेहरा पडला. शेवटच्या दिवसांत बाबांना घरी यायचं होतं. तिने त्यांना हॉस्पिटलमध्येच ठेवलं होतं.

मुलगी जुनी हस्तलिखितं दुरुस्त करायची. हे काळं तिने आयुष्यभर पाहिलं होतं. महाराजांनी पुढच्या रुग्णासाठी ताजं सिद्धजल ओतलं, तेवढ्यात तिने तबकातली सुई उचलली, त्यांच्या उशीत खुपसली, कापसाने पुसली आणि बुडवली. मावशी तिचा हात धरेपर्यंत पाणी काळं झालं होतं.

“महाराज,” ती शांतपणे म्हणाली, “तुमच्या उशीलाही नागीण झालीय. तिचं कोण गेलं?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांनी उशीत शेकडो रुग्णांचं विष मुरल्याचं सांगून पाहिलं. मग तिने वाडगा धुऊन त्यात सिद्धजल घेतलं. कोरी सुई नुसतीच बुडवली; काही झालं नाही. तीच कापसाने पुसून बुडवली, पाणी काळं. पाण्यात हिरड्याचा अर्क आणि कापसावर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार असणार, तिने लोकांना सांगितलं. दोन्ही एकत्र आले की शाई होते. जुन्या पोथ्या त्याच शाईने लिहिलेल्या आहेत.

महाराजांना अचानक ध्यानाची वेळ आठवली.

आईने हळूच विचारलं, “म्हणजे तुझे बाबा रागावलेले नव्हते?”

“ते मला कसं कळणार, आई? पण शाईलाही ते माहीत नाही.”

आई पदर सावरून उठली. मग मावशीला म्हणाली, “चल, डॉक्टर जायच्या आत पोचू.”

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. जोडीला हॉस्पिटलमधल्या बाई सुयाही देतात, बंद पाकिटातल्या, नव्या. आराम पडतोय तो हळूहळू, आणि रोज नाही. दुखणाऱ्या माणसाला आशा लागतेच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण जो चालू औषध बंद करायला लावतो आणि वर मेलेल्यांची साक्ष काढतो, त्याला निदान एक प्रश्न विचारा. सगळ्यांच्या देखत विचारा.