आपल्या पायांनी

"शेवटची मॅच खेळ," झुझानाने सकाळीच बजावलं होतं, "पण घरी आपल्या पायांनी यायचं. उचलून आणलेला नवरा मी दारात घेणार नाही, सांगून ठेवते!" तिच्या बापाला पोलादाच्या कारखान्यातून फळकुटावर घालून आणलं होतं. आता ती मैदानाच्या कुंपणाशी हात बांधून उभी होती.

ओन्द्रेय हुडाक आठवडाभर भट्टीशी राबायचा आणि रविवारी गावाच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या पुढच्या फळीत उभा राहायचा. समोरच्याला छातीने रेटायचं, बस्स. चेंडूला हात नाही, पेपरात नाव नाही. तरी गडी खूश!

दुसऱ्या डावात त्याचा गुडघा कटकन निखळला. बाकावर बदली गडी उरला नव्हता, आणि एकदा बाहेर गेलेल्याला त्या डावात परत घेत नाहीत. मग काय, उभं राहणं आलं. समोर शेजारच्या गावचा कॅस्पर डॉयल. ह्याच पठ्ठ्याने ओन्द्रेयचं नाक दोनदा फोडलेलं. त्याने लंगडणं पाहिलं. 'संपलं,' ओन्द्रेय मनात म्हणाला.

कॅस्पर आला तो छातीवर. पुन्हा छातीवर. दणकून हं! बरगड्या करकरल्या, पण गुडघ्याला धक्का नाही.

"अरे ठोंब्या, त्याच्या पायात घूस ना!" कॅस्परचा कॅप्टन बोंबलला.

"तू तुझं बघ रे!" कॅस्परने तिथूनच सुनावलं.

शेवटी कॅस्परचीच टीम जिंकली, पण फळीच्या दुसऱ्या टोकाने घुसून. ओन्द्रेय मात्र उभा होता. त्याने कॅस्परचा हात धरला. "उपकार झाले रे बाबा."

"उपकार कसले? पहिल्या वर्षी त्या चिखलात सगळी टीम माझ्या पाठीवर पडली होती. नाकातोंडात पाणी. तू खालून कॉलर धरून माझं तोंड वर काढलंस. विसरलास?"

"ते तर फळीतले सगळेच करतात."

"मेला असतो मी, गाढवा!"

 ओन्द्रेय लंगडत, पण आपल्या पायांनी कुंपणापाशी गेला. मागून येणाऱ्या कॅस्परकडे झुझानाने रोखून पाहिलं. इतकी वर्षं ती ह्याला शिव्याशाप देत आली होती. पण आजचं सगळं तिने पाहिलं होतं.

"ए नाकफोड्या," ती म्हणाली, "कोबीत गुंडाळून मटण केलंय. जेवून जायचं. आणि चालताना त्याला हात लावू नकोस, त्याचा तो येतोय."