नंबर एष्टु?

सोलापुरात सात रस्त्यावरच्या एका झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर अमरेशमामाचं करिअर मार्गदर्शनाचं ऑफिस होतं, आणि तिथल्या भिंतीवर देशातल्या विद्यापीठांची लायकी लॅमिनेट करून टांगलेली होती. क्रमांक, नाव, गुण. मामा स्वतः बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला तीनदा बसलेला. पण कोणत्या विद्यापीठाने कितव्या पायरीवर उभं राहायचं, हे आता तो सांगायचा, तेही एसी लावून.

त्या तक्त्याकडे बघून हेमावतीला शिसारी येत होती. तिला राज्यशास्त्रात एम.ए. करायचं होतं आणि दक्षिणेतल्या एका विद्यापीठात तिची निवडही झाली होती. वसतिगृहाच्या फॉर्मवर वडिलांची सही घेऊन तो पाच वाजायच्या आत वेबसाइटवर चढवायचा होता, नाहीतर जागा गेली. चार वाजत आले होते. ज्यांची सही हवी ते गुरुलिंगआप्पा मैंदर्गी गावातलं आपलं दुकान बंद ठेवून आले होते आणि मेहुण्याचं बोलणं कान देऊन ऐकत होते. शेजारी धाकटी भुवनेश्वरी मोबाईल धरून बसली होती, सही झाली की फोटो काढायला. तिचाही जीव त्या सहीत होता. नुकतीच बारावी झालेली, तिला अक्कासारखंच राज्यशास्त्र घ्यायचं होतं, पुण्याच्या कॉलेजात. अक्काला सोडलं तर मलाही सोडतील, असं ती धरून चालली होती.

"दाजी, ह्ये बघा," मामाने तक्त्यावर पेन आपटलं. "हेमाचं विद्यापीठ एकसष्टावं. मी म्हणतोय ते खासगी, अकरावं. कुटं एकसष्ट, कुटं अकरा!"

"मामा, ते अकरा इंजिनिअरिंगच्या जिवावर आहे. राज्यशास्त्राचा रकाना कुठाय यात?"

"सगळं त्यातच येतं की गं. टोटल हाय ही."

टोटल! हेमावतीने ती टोटल महिनाभर उसवून पाहिली होती. इमारती किती, अर्ज किती आले, कंपन्यांचे साहेब काय म्हणतात. साबण विकणाऱ्या साहेबाला राज्यघटनेतलं काय कळतं, ते विचारायचं नाही, त्याचे गुण तेवढे मिळवायचे. त्या अकराव्या विद्यापीठात राज्यशास्त्राला दोन मास्तर होते आणि त्यातला एक उरलेल्या वेळात व्यक्तिमत्त्व विकास शिकवायचा. दुसऱ्या एका संस्थेच्या यादीत तेच विद्यापीठ एकशे चारावं होतं. ती यादी मामाने भिंतीवर लावली नव्हती.

एकसष्टाव्यात मात्र एक बाई होत्या. दोन भाषांच्या गावात ग्रामसभेचा ठराव कोणत्या भाषेत लिहितात आणि त्यामुळे कोण गप्प बसतं, यावर त्यांनी वीस वर्षं घातली होती. हेमावतीने त्यांना मैंदर्गीबद्दल पत्र लिहिलं, तर त्यांचं तीन पानी उत्तर आलं, सगळे प्रश्नच प्रश्न. ते उत्तर तिने इतक्यांदा वाचलं होतं की पाठ झालं होतं.

हे सगळं तिने आप्पांना सांगितलं होतं. आज पुन्हा सांगितलं. आप्पांनी मान डोलावली.

"खरं हाय तुजं. पर नंबर एष्टु?"

एष्टु म्हणजे किती. आप्पांचं घरातलं बोलणं निम्मं कानडी, आणि तुरीच्या भावापासून पोरींच्या मार्कांपर्यंत सगळ्याला त्यांचा हा एकच प्रश्न. नंबर कुणाचा आणि कशातला, ते त्यात येतच नसे.

एवढ्यात मामाचा फोन वाजला. कुर्डुवाडीचं गिऱ्हाईक होतं, तो बोलत बोलत बाहेर जिन्यात गेला. आप्पांनी खिशातलं पेन काढलं, पण टोपण काही काढेनात.

"तूच सांग बाळ. नंबर एष्टु?"

विद्यापीठाच्या निवड यादीत हेमावती तिसरी होती.

"तिसरा," ती म्हणाली. "साऱ्या देशातनं पोरं होती, आप्पा."

"मग ह्यो एकसष्ट कशाचं म्हनतोय?"

"मामाची यादी जुनी आहे."

पहिलं निदान अर्धं खरं होतं, हे धडधडीत खोटं. पण मामाच्या यादीबद्दल खोटं बोलताना तिला काडीचंही वाईट वाटलं नाही. उलट मजा वाटली.

आप्पांनी सही केली. भुवनेश्वरीने फोटो काढला, चढवला आणि ओरडली, "झालं, अक्का!" चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

मामा आत आला तेव्हा आप्पांचा चेहरा फुलला होता. "अमरेश, तुजी यादी बदल. हेमाचा तिसरा नंबर हाय." मामाने क्षणभर हेमावतीकडे पाहिलं. आता हा वाद घालणार, म्हणून ती सरसावून बसली. पण मामाच तो.

"मी तेच म्हणत होतो की, दाजी!"

हेमावतीला हसू आवरेना. असल्या माणसाच्या हातात लोक आपली पोरं देतात!

"आप्पा," भुवनेश्वरीने संधी साधली, "माझा पुण्याचा फॉर्म पण भरायचा ना?"

आप्पा मेहुण्याकडे वळले. "हिच्या कॉलेजचा नंबर एष्टु?"

मामाने दुसरा तक्ता ओढला आणि बोट वरून खाली, खाली, आणखी खाली नेलं. "त्र्याऐंशी."

"बेडा," आप्पा म्हणाले. नको. "थोरली तिसऱ्या नंबरात आन धाकटी त्र्याऐंशीत? हितंच शीक, सोलापुरात."

"पण नंबरात काय नसतं, आप्पा! अक्का, सांग की. तूच म्हणतीस ना रोज?"

तिघेही हेमावतीकडे बघू लागले. खरं सांगायचं तर तिसरा नंबर कशातला, तेही सांगावं लागणार होतं. फॉर्म गेला होता, पण तिला गाडीत बसवायचं की नाही, ते अजून आप्पांच्याच हातात होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची किळस आली, आणि तरीही ती बोलली.

"त्र्याऐंशी जरा खालीच आहे, भुवी."

भुवनेश्वरीने हातातला मोबाईल पालथा ठेवला.

"आता कसं!" मामा खूष होऊन म्हणाला. "हेमाला यादी वाचता याय लागली की."