खालच्या फळीवरचा खोका

खोका हलका झाला होता. खालच्या फळीवरून ओढताना आज कमरेत कळ आली नाही, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

आत बाबांचे अहवाल होते. बाबा आयुष्यभर विहिरींचं पाणी तपासत हिंडले आणि जे सापडलं ते टंकलिखित करून, स्टेपल मारून दोन-चार जणांना वाटत राहिले. पुस्तक एकही नाही. ती ज्या भूजल संस्थेच्या ग्रंथालयात काम करायची, तिथं अशाच कागदांना मान होता: दुकानात न मिळणारे अहवाल, अर्धे मसुदे, परिषदेत वाटलेली टिपणं. 'ग्रे लिटरेचर' म्हणायचे त्याला. बाबा गेल्यावर तिनंच खोका घरून आणला, 'नोंद व्हायची आहे' अशी चिठ्ठी लावली आणि फळीवर सरकवला. त्याला वर्ष झालं.

आता त्यातले निम्मे अहवाल गायब होते.

संशय घ्यायला माणूस लांब शोधावा लागला नाही. पलीकडच्या टेबलावर कात्रीबाई बसायच्या. हे नाव वाचकांनीच दिलेलं. एखाद्या जुन्या कागदाची दुसरी प्रत निघाली की बाईंनी ती रद्दीच्या पोत्यात घातलीच म्हणून समजा. जागेपुढे त्यांना सख्खा बापही दिसला नसता, मग दुसरीचा कुठून दिसणार?

बाई चहाला गेल्या तशी ती मागच्या खोलीत शिरली आणि पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. जुनी वार्तापत्रं. त्याखाली आणखी वार्तापत्रं.

"काय हरवलं गं?" दारात कात्रीबाई.

"पेन."

"पोत्यात?"

तिनं हात झटकले. बाई पुढं बोलल्या नाहीत, आणि तेच तिला जास्त खटकलं. एरवी एवढ्यावरून त्यांनी दिवसभर टोमणे मारले असते. कुठंतरी पाणी मुरत होतं.

दुपारी ती वाचनकक्षात गेली, तर खिडकीजवळ पाणीपुरवठा खात्यातली एक इंजिनीअर वाचत बसलेली. समोरच्या कागदांच्या समासात बाबांच्या हिरव्या शाईच्या खुणा.

"हे कुठून मिळालं तुम्हाला?"

"कपाटातून. घ्यायचं नव्हतं का?" इंजिनीअर गडबडली. "संगणकावर खाऱ्या विहिरी शोधल्या, तर हे आलं. किती दिवस शोधतेय मी. आणि हे गृहस्थ बघा ना, तिसऱ्या विहिरीचे आकडे देतात आणि खाली लिहितात, यावर माझा विश्वास नाही. असं कोण लिहितं? का नाही, ते मात्र लिहिलेलं नाही. कुठं भेटतील हे?"

"बघते," म्हणून ती तडक बाईंच्या टेबलाशी आली.

"खोक्यातले अहवाल तुम्ही काढलेत."

"काढले. नोंद केली, विषयवार लावले. पगार त्याचाच घेतो आपण."

"मला न विचारता?"

"दोनदा विचारलं. दोन्ही वेळा 'बघते' म्हणालीस. तुझ्या बघण्यावर राहिले असते, तर माझ्या निवृत्तीच्या भाषणाला त्या खोक्यानं टाळ्या वाजवल्या असत्या."

"विखुरून टाकलेत सगळे."

"अगं, एका माणसाचं म्हणून इथं कोण मागतं? लोक खारं पाणी शोधत येतात, गाळ शोधत येतात." बाईंनी चष्मा काढला. "मी टाकून दिले असतील म्हणून पोतं उपसलंस. असू दे. पण वर्षभर दडवून कोणी ठेवले होते?"

ती म्हणाली, "एकेकाची जागा दाखवा."

बाईंनी दाखवली, न कुरकुरता, कपाटामागून कपाट. सगळे होते.

ती परत आली तेव्हा इंजिनीअर पिशवी आवरत होती.

"ते माझे वडील," ती म्हणाली. "वारले."

इंजिनीअरचा हात थांबला.

"सुट्टीत मी जायची त्यांच्याबरोबर. बाबा येणार कळलं की त्या तिसऱ्या विहिरीचा मालक आदल्या दिवशी तिच्यात कालव्याचं पाणी सोडायचा. पाणी गोड निघावं म्हणून. त्याच्या मुलीनं मला पाइप दाखवला होता."

"मग यांनी तसं लिहिलं का नाही?"

"मी सांगितलं त्यांना. म्हणाले, तू पाहिलंस, मी नाही."

इंजिनीअरनं शेजारची खुर्ची ओढली. "बसा ना. मी लिहून घेते."

ती बसली. आठवत होतं तेवढंच सांगितलं, आणि जिथं खात्री नव्हती तिथं तसं म्हणाली.